जाश्तिकच्या मैदानावर बर्फ

९ जानेवारी

आज नगरपरिषदेच्या सभेत मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. धोंडाही साधासुधा नाही, अख्ख्या फुटबॉलच्या मैदानाएवढा.

जाश्तिक क्रीडा पार्कचा संचालक होऊन मला थोडेच महिने झालेत. त्याआधी जन्मभर पोरांना कुस्ती शिकवली, म्हणून गाव मला अजून वस्तादच म्हणतं. ही खुर्ची दुसऱ्या कोणाला नको होती. मला खुर्चीला नाही म्हणता येत नाही.

सभेत नगरसेवक ओमुरझाक उठला. नीटनेटका माणूस, आवाज कधी चढत नाही. म्हणाला, "पार्कशी माझं वैर नाही. पण हिवाळ्यात तिथे असतं कोण? कावळे! अर्ध्या जागेत मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार बसवू. छप्पर होईल, दिवे लागतील, लोकांना काम मिळेल."

यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच मला घाम फुटला. उभा राहिलो आणि काय बोलायचं ते ठरायच्या आत तोंड सुरू झालं. "कावळे? या हिवाळ्यात मैदानावर बर्फ करतोय आम्ही! काचेसारखा! पूर्वी करायचे तसा! अख्खं गाव स्केटिंग करणार आहे!"

अध्यक्षांनी चष्मा काढला. "कधी?"

"फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी."

"छान. मग त्यानंतर मतदान घेऊ."

घराकडे चालता चालता डोक्यात प्रकाश पडला. बर्फाचं मैदान कसं करतात ते मला ठाऊक नाही. आणि मला स्केटिंग येत नाही. मी वरच्या कुरणांतला. घोड्यावर झोपू शकतो, पण स्केट कधी पायात घातलेली नाही.

मीरिमला सांगितलं. माझी मुलगी दवाखान्यात नर्स आहे. पोट धरून हसली. मग म्हणाली, "बाबा, किती हाडं मोडणार त्याचा अंदाज द्या, प्लास्टर मागवून ठेवते."

११ जानेवारी

पार्कच्या कडेला पाच मजली इमारत आहे, तिथल्या जिपारबाई ऑफिसात आल्या. संगीत शाळेत अकॉर्डियन शिकवतात. त्यांचे यजमान वारून बरीच वर्षं झाली. आठवड्यातून दोनदा तरी तक्रार घेऊन येतात.

"संचालकसाहेब, तुमचा भोंगा सकाळी सकाळी खरखरतो. माझ्या डोक्यात जातो."

"दुरुस्त करतो, बाई."

"मागच्या आठवड्यातही हेच म्हणालात." मग खुर्ची ओढून बसल्या. माझ्या भाषणाचा कागद उलटा धरून वाचायला लागल्या, मग सुलटा केला. मतदानाआधी पार्कचा इतिहास सांगावा असं माझ्या मनात आहे. आधी इथे घोड्यांच्या शर्यती व्हायच्या. युद्धानंतर गावकऱ्यांनी शनिवार-शनिवार श्रमदान करून मैदानाभोवती धावपट्टी खणली, पॉप्लरची झाडं लावली. नंतर कित्येक हिवाळे इथे बर्फ असायचा. पुढचा काळ गाळून मी थेट आजच्या काळात आलोय. मधल्या काळात देश मोडला, पगार थांबले आणि धावपट्टीवर बाजार भरला. लोक घरातली भांडी विकायला बसले होते. ते कशाला उगाळायचं?

"रंगीत दिवे विसरलात," जिपारबाई म्हणाल्या. "झाडाझाडाला दिवे असायचे. आणि भोंग्यावर वॉल्ट्झ. मी खिडकीत बसून बघायचे. आई म्हणायची, गृहपाठ कर."

जाताना बोरसोकची थाळी टेबलावर ठेवली. पिठाचे तळलेले गोळे, गरम. "जास्त झाले होते," म्हणाल्या.

भोंगा दुरुस्त करून घ्यायची युक्ती दिसते. सगळे खाल्ले.

१४ जानेवारी

हे लिहिताना अजून हसू फुटतंय.

गेनाने अग्निशमनचा बंब आणला. गेना बंबाचा चालक. मिशा एवढ्या मोठ्या की थंडीत त्यांना बर्फाच्या लोंबत्या कांड्या लागतात. मी विचारलं, "कसं करायचं असतं?" तो म्हणाला, "वस्ताद, पाणी ओतायचं. थंडीत गोठतं. यात शिकण्यासारखं काय आहे?" मला पटलं. त्याने नळी मोकळी सोडली.

गुडघाभर भुसभुशीत बर्फात पाणी शिरलं आणि दिसेनासं झालं. आम्ही वाट पाहिली. मग गेना हळूच म्हणाला, "वस्ताद, ते तिकडे चाललंय."

कुंपणाखालून, रस्ता ओलांडून, पाणी सरळ पाच मजली इमारतीच्या दाराशी गेलं आणि तिथे मात्र झकास गोठलं. दार उघडेना. आत सगळे कामावर निघालेले. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली, जिपारबाईंची. "संचालकसाहेब! मैदान तुमच्या मागच्या बाजूला आहे!"

तळमजल्यावरच्या एका भल्या कुटुंबाने आपली खिडकी उघडून दिली. आम्ही एकेकाला बाहेर उतरवायला लागलो. बाकी सगळ्यांना गेनाने उतरवलं. जिपारबाईंनी त्याला हात लावू दिला नाही. "ज्याने हे केलं त्यानेच मला उतरवायचं." म्हणून त्यांना मी उचललं, पाठीवर अकॉर्डियनसकट. खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "रस्त्यात पाणी आहे. शाळेच्या फाटकापर्यंत न्या." रस्ता कोरडा होता, पण अंगात अपराधीपणा असला की माणूस वाद घालत नाही.

कुस्तीतल्या माणसाला हे वजन म्हणजे काहीच नाही. तरी दिवसभर छाती धडधडत होती. वय झालं.

१७ जानेवारी

दार न वाजवता एक म्हातारी आत आली. पाठ ताठ, डोक्यावर पांढरा रुमाल.

"बर्फवाला तूच का?"

"हो, आपा."

"गाढव आहेस. भुसभुशीत बर्फावर पाणी ओततात होय? आधी तुडवायचा. पायांनी, सगळीकडून, फरशीसारखा. मग पातळ फवारा. गोठू द्यायचं. पुन्हा फवारा. घाई केलीस की फुगे येतात."

बुरुलकान आपा. तरुणपणी स्केटिंगच्या शर्यती जिंकायच्या, याच मैदानावर. मी चहा दिला. भाषण वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं आणि मध्येच उघडले.

"बाजार कुठाय?"

"आपा, तो काळ जरा… लाजेचा…"

"कोणाची लाज? माझी?" कप खाली आदळला. "पहिल्या गल्लीत उभी असायचे मी. लोकरी मोजे विकत होते, रात्री विणायचे ते. पोराला घरी एकटं ठेवता येत नव्हतं, तर तो शेजारी डब्यावर बसून गणितं सोडवायचा. त्या धावपट्टीने आम्हाला जेवू घातलं. आणि तू तिला लाजतोस?"

माझे कान गरम झाले. म्हटलं, "आजच घालतो, आपा."

उठताना म्हणाल्या, "मी इथे आले होते हे माझ्या मुलाला कळता कामा नये. गुडघ्यांच्या शेकासाठी दवाखान्यात जाते असं सांगितलंय."

"कोण तुमचा मुलगा?"

"ओमुरझाक."

त्या गेल्या. मी कप धुतला आणि भाषणात बाजार घातला.

२१ जानेवारी, शनिवार

आजचा दिवस कसा लिहू? लिहिता लिहिता पाय हलतायत.

एवढं मोठं मैदान तुडवायचं तर पाय हवेत. भोंग्यावरून गावाला हाक दिली. सकाळी आले गेना, त्याचे दोन साथीदार, मीरिम आणि एक कुत्रा. आम्ही कवायत करत फिरलो. तासाभरात गोलच्या चौकटीएवढी जागा झाली. गेना म्हणाला, "या चालीने जूनमध्ये होईल."

तेवढ्यात जिपारबाई रस्ता ओलांडून आल्या, अकॉर्डियन गळ्यात. मला वाटलं, भोंग्याची तक्रार. त्या सरळ ऑफिसात गेल्या, ध्वनिक्षेपकासमोर बसल्या आणि वाजवायला लागल्या.

काय वाजवत होत्या मला कळत नाही, पण पाय आपोआप उचलत होता. गेना नाचायला लागला. मिशांतल्या कांड्या किणकिणत होत्या. इमारतीच्या खिडक्या उघडल्या. कोपऱ्यावरच्या लाघमानच्या, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांच्या, दुकानातून गिऱ्हाइकं वाटी हातात धरून आली. मग एक लग्नाची वरात चालली होती तीही थांबली. नवरी गाडीतून उतरली, नवऱ्याला म्हणाली, "चल!" आणि पांढऱ्या झग्याचा घोळ उचलून बूट आपटत आत घुसली. दुपारपर्यंत मैदानावर इतके लोक होते की भुसभुशीत बर्फ दिसतच नव्हता. जे नाचत नव्हते त्यांना आपा धक्के देत होत्या. "तिकडे कोपऱ्यात कोणी नाचलं नाही! तो कोपरा राहिला!"

जिपारबाईंची बोटं गारठली की थांबायच्या. तेव्हा गाव थांबायचं आणि ऑफिसच्या खिडकीकडे तोंड करून ओरडायचं. मी आत जाऊन चहा देत होतो. तिसऱ्या वेळी हातमोजे काढून त्यांनी हात पुढे केले. "चोळा जरा. तुम्ही वस्ताद ना?"

स्नायू मोकळे करणं मला येतं. पैलवानांचे खांदे चोळतात तसे चोळले. "हळू," त्या म्हणाल्या, "हा अकॉर्डियनचा हात आहे, बैलाचा नाही." पण हात मागे घेतला नाही.

संध्याकाळी मैदान फरशीसारखं झालं होतं.

२४ जानेवारी

फवारा. गोठला. फवारा. गोठला. गेना आता बंबाशी मांजरीशी बोलावं तसा बोलतो.

२९ जानेवारी

वाट लागली. सरोवराकडून उबदार वारा सुटलाय. सकाळी मैदानावर पाणी तरंगत होतं, त्यात पॉप्लरची उलटी झाडं. कुंपणाबाहेरून ओमुरझाक गाडीतून उतरून बघत होता. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"वस्ताद," म्हणाला, "तुम्ही मनापासून करताय ते दिसतं. पण हवेवर पार्क चालत नाही."

मोजे भिजले होते. आयुष्यात कुस्तीत पुष्कळदा चितपट झालो, पण तिथे निदान समोर माणूस असतो. वाऱ्याला कुठे धरायचं?

जिपारबाई सूपचा डबा घेऊन आल्या. तक्रार काहीच केली नाही. मी विचारलं, "आज काय बिघडलंय?" म्हणाल्या, "काही नाही. प्या." आणि मी पीत असताना पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. बहुधा मोठी तक्रार तयार होतेय.

१ फेब्रुवारी

थंडी! नाक गोठलं! नाकातले केस गोठले! मीरिम म्हणते दवाखान्यात सगळे खोकतायत आणि माझे बाबा एकटेच टाळ्या पिटतायत.

पाणी गोठून आरसा झालाय. वितळलं ते बरंच झालं, आधीचे खड्डे बुजले. आपा गुडघ्यावर बसल्या, नख ओढलं आणि म्हणाल्या, "हं." एवढंच. मला त्या 'हं'साठी पदक दिल्यासारखं वाटलं.

५ फेब्रुवारी, रविवार

ओळीने लिहायचा प्रयत्न करतो.

स्केट्स आणायच्या कुठून ही माझी काळजी होती. गावाने आणल्या. माळ्यावरून, कोठीतून, मेलेल्या काकांच्या पेटीतून. एकाच्या डाव्या पायात हॉकीची, उजव्यात नाचाची. ज्यांना नव्हत्या ते ॲल्युमिनियमच्या घमेल्यात बसले, नवरे ओढत होते, बायका "आणखी जोरात!" म्हणत होत्या. लाघमानवाला मैदानाच्या मधोमध परातीत बसून गरगर फिरत होता, त्याला थांबवता येईना. झाडांवर रंगीत दिवे होते. जिपारबाईंनी इमारतीतल्या प्रत्येक घराच्या नववर्षाच्या माळा गोळा केल्या होत्या. भोंगा खरखरला नाही.

आणि आपा. कोट काढून गेनाकडे दिला, हात पाठीमागे बांधले, कमरेत वाकल्या आणि निघाल्या. लोक आपोआप बाजूला झाले. आवाज फक्त पात्यांचा, खर्र, खर्र, लांब लांब. वळणावर आतला खांदा झुकवला तेव्हा माझ्या शेजारचा माणूस रडायला लागला, आणि तो शेजारचा माणूस गेना होता.

नेमका तेव्हा ओमुरझाक आला. सोबत सुट्या भागांचे दोन व्यापारी, जागा मोजायला. गर्दी बघून थबकला. मग रुमालवाली एक बाई वाऱ्यासारखी समोरून गेली.

"आई?"

दुसऱ्या फेरीत पुन्हा गेली.

"आई!!" आणि ऑफिसच्या चामडी बुटांनी बर्फावर धावला. दोन पावलं धावला. पुढचं अंतर पाठीवर गेला, थेट धावपट्टीच्या कडेपर्यंत, आणि तिथे मनगट धरून बसला.

आपा आल्या, बर्फाचा फवारा उडवत थांबल्या. "कोट मळवलास."

"तुमचे गुडघे! डॉक्टरांनी—"

"गुडघे मस्त आहेत. कुठे बसलायस माहीत आहे?"

त्याने इकडेतिकडे बघितलं. वेदनेने की कशाने, त्याचा चेहरा बदलत गेला.

"पहिली गल्ली," आपा म्हणाल्या.

"डबा इथे होता?"

"इथेच. तू इथून डोंगराकडे बघत बसायचास. गणित सोडवायचं सोडून."

"सोडवायचो मी गणितं," ओमुरझाक म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "तुमचे पाय गारठायचे. तुम्ही एकाच जागी उड्या मारायचात. मला वाटायचं तुम्ही नाचताय."

"नाचतच होते. उड्या मारायच्याच आहेत तर तालात माराव्या." हात पुढे केला. "ऊठ."

उठवायला आम्ही चौघे लागलो. उठला आणि लगेच पडला, आम्हाला घेऊन. ढिगाऱ्यात सगळ्यात खाली मी. मग तो हसायला लागला, आणि असा हसला की व्यापारीही हसायला लागले. मीरिमने त्याचं मनगट बघितलं आणि समाधानाने म्हणाली, "मोडलंय."

माझ्या पायात स्केट्स जिपारबाईंनी बांधल्या. मी म्हटलं, मी नुसता उभा राहतो. त्या म्हणाल्या, "मला धरा." अख्खी फेरी त्यांनी मला ओढलं. मी पैलवान माणूस, जमीन सुटली की घाबरतो. पण खरं सांगतो, शेवटच्या वळणावर भीती गेली होती तरी मी हात सोडला नाही. सोडला असता तर त्यांना वाटलं असतं मी शिकलो.

१० फेब्रुवारी

मतदान झालं. मी बाजाराचा काळही वाचला, न लाजता. मागच्या बाकावरचे लोक माना हलवत होते. कोणी कुजबुजलं, "आम्ही तिसऱ्या गल्लीत होतो. चहाचा समोवार विकला." दुसरा म्हणाला, "तो मी घेतला."

मग ओमुरझाक उठला. म्हणाला, सुट्या भागांच्या बाजारासाठी जुन्या लोकर कारखान्याचं आवार चालेल, छप्पर आधीच आहे. पार्क सगळ्यांसाठी खुला राहावा असा ठराव त्यानेच मांडला आणि त्याच्या बाजूने प्लास्टरचा हात वर केला. त्या प्लास्टरवर पाच मजली इमारतीतल्या निम्म्या लोकांच्या सह्या होत्या.

ठराव मंजूर. गेनाने बाहेर बंबाचा सायरन वाजवला. त्याबद्दल त्याला समज मिळाली.

८ मार्च

महिला दिन. पाच मजली इमारतीतल्या प्रत्येक बाईला एकेक ट्युलिप दिलं, दारोदार जाऊन. दार गोठल्याची भरपाई राहिली होती.

जिपारबाईंनी दार उघडलं. नवा पोशाख, केस बांधलेले. फुलाकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या बादलीकडे, तिच्यात आणखी फुलं होती.

"सगळ्यांना एकेक?"

"हो. कोणावर अन्याय नको."

दार आपटलं. जिन्यात फार गार वारा येतो, त्यांचं बरोबर आहे.

मीरिमला हे सांगितलं. तिने कपाळ टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

१२ मार्च, रविवार

बर्फ गेला. मैदानाचं तळं झालंय, बदकं उतरलीयत. मी कडेला उभा राहून बघत होतो तेव्हा आपा आल्या. बरोबर मीरिम, हसू दाबून धरलेलं. आपांनी मूठ उघडली. चांदीचे डूल.

"सुरेख! कोणासाठी?" मी विचारलं. मुलाच्या आईने मुलीच्या कानात डूल घातले की सोयरीक ठरली, हे मला माहीत नाही असं नाही. "कोणाचं ठरलं?"

"तुझं, गाढवा. तुझी आई नाही, म्हणून मी आले."

"माझं? कोणाशी?"

आपांनी आकाशाकडे बघितलं. मीरिम म्हणाली, "बाबा, अख्ख्या पार्कला ठाऊक आहे. बदकांनाही ठाऊक आहे. आईला जाऊन इतकी वर्षं झाली. मी तुमच्यावर रागावणार नाही. पण आज तुम्ही वर गेला नाहीत तर मात्र रागावेन."

तेव्हा मला कळलं. एकदम, पाठ जमिनीला लागते तसं. बोरसोक. सूप. शाळेचं फाटक. मी खालीच बसणार होतो, पण खाली चिखल होता.

जिना चढताना आपा पुढे, मी मागे, मीरिम मला ढकलत. दार वाजवायच्या आत उघडलं. जिपारबाईंनी आपांच्या मुठीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे काय, डूल? आज इमारतीतल्या सगळ्यांना वाटणार आहात का?"

मी म्हटलं, "नाही." मग म्हटलं, "नाही, नाही." मग म्हटलं, "एकच जोड आहे."

त्या हसल्या आणि केस मागे घेतले. एका कानाचं भोक बुजत आलं होतं. आपांना ते सापडेना, मीरिम म्हणाली, थांबा, हे माझं काम आहे, आणि सुई टोचायच्या सरावाने अलगद डूल घातले. जिपारबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जिपारच्या. आपांनी बजावलंय, आता बाई म्हणायचं नाही.

तेवढ्यात खालून हाका आल्या. खिडकीतून बघितलं तर गेना घोट्यापर्यंत पाण्यात उभा, मागे लाघमानवाला, ओमुरझाक, अर्धं गाव, सगळ्यांच्या माना वर.

"झालं का?" गेना ओरडला. "वस्ताद! झालं का?"

जिपारने खिडकी सताड उघडली, कमरेपर्यंत बाहेर वाकली आणि अख्ख्या पार्कला ओरडून सांगितलं, "झालं!"

सगळी बदकं उडाली.